हुन्नराचा कागद

अब्दुल गनीने सहीसाठी पेन कागदावर टेकवलं, तेवढ्यात गझालाने ते त्याच्या बोटांतून हळूच काढून घेतलं.

"थांबा अब्बा. मले वाचू द्या आधी."

टेबलापलीकडच्या फुलचंदने घड्याळाकडे पाहिलं. यवतमाळच्या बसस्थानकासमोर त्याचं दुकान होतं. रेल्वेची तिकिटं, विमानाची तिकिटं, उमराहची चौकशी, पासपोर्टचे अर्ज, सगळं त्या एका टेबलावर चालायचं. माणूस वाईट नव्हता. दिवसभर तेच ते सांगून कंटाळलेला होता, त्यामुळे प्रश्न विचारणारं कोणी समोर बसलं की त्याच्या चेहऱ्यावर थकवा दिसायचा.

"वाचायचं काय त्यात? टुरिस्ट व्हिसा आहे. चार दिवसांत हातात येईल. सगळे असेच जातात."

"इथं प्रवासाचा उद्देश विचारला हाय. तुम्ही पर्यटन लिव्हलं."

"मग काय लिहू?"

"अब्बा तं मशिनी दुरुस्त कराले चालले."

फुलचंद हसला. "ताई, तिथं उतरल्यावर त्यांचा शेठ बदलून घेतो ना. टुरिस्टचा वर्क करून घेतात."

"बदलून घेता येते असं कुठं लिव्हलं हाय?"

"लिहिलेलं नसतं. होतं ते."

"अन् नाई झालं तं?"

फुलचंदने दुसऱ्याची फाइल ओढून उघडली. गनी इतका वेळ मुलीच्या तोंडाकडे पाहत होता. ती बोलू लागली की तो असाच पाहायचा, जणू एकही शब्द सांडू द्यायचा नाही. आता त्याने अर्जाकडे एकदा पाहिलं. सही करायची राहून गेली याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण तो उठला.

"चाल. दिग्रसची गाडी सुटन."

सन दोन हजार सहाचा उन्हाळा होता. दिग्रसच्या ज्या जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, गनीने एकतीस हंगाम काढले, ती बंद पडून दोन वर्षं होत आली होती. कापसाचे भाव बसले, खरेदी रखडली, आणि मालकाने एक दिवस मशिनी विकून टाकल्या. जिथे रुईच्या गठाणी रचल्या जायच्या तिथे आता खताची पोती होती. गनी मिस्त्री त्या उन्हाळ्यात लोकांचे कूलर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करत होता. बोलवेल त्याच्याकडे सायकलवर जायचा, पान्ह्यांची पिशवी हँडलला अडकवून.

अशात आफ्रिकेतून फोन आला. टांझानियात म्वांझा नावाच्या गावी एका गुजराती शेठची जिन होती. बारा मशिनी, सगळ्या नागपूरहून गेलेल्या. त्या विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने गनी मिस्त्रीचं नाव सुचवलं होतं. आपल्याकडे कापूस दिवाळीनंतर येतो, तिकडे तो जूनमध्ये फुटतो. जुलैच्या आत मिस्त्री हवा होता. फोन गझालानेच घेतला. घरातले सगळे फोन तीच घ्यायची. "तूच बोल, मले त्यातलं समजत नाई," असं गनी म्हणायचा, आणि फोनवरचा माणूस साधं हिंदी बोलत असला तरी तो मोबाईल कानाला लावत नसे.

गझाला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि संध्याकाळी गावातल्या एका सायबर कॅफेत बसायची. तीन संगणक, त्यांतला एक नेहमी बंद. वीज असली तर चार तास, नसली तर दोन. यवतमाळहून परतल्यावर आठ दिवस ती रोज त्या देशाच्या वकिलातीचं पान उघडत होती. इंग्रजी अवघड होतं. एकेका ओळीवर ती शब्दकोश घेऊन बसे आणि समजलं ते जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून काढी. नवव्या दिवशी तिने तो कागद स्वयंपाकघरात भिंतीला लावला.

गझालाची आई जुबैदा भाकऱ्या थापत होती. गनी पाटावर बसला होता.

"हे पाहा अब्बा. टुरिस्टवर फिरता येते, पाहता येते, काम करता येत नाई. एक दिवस बी नाई. दुसरा बिझनेसचा. त्याच्यावर जाऊन बोलणी करता येतात, माल पाहता येते, पण पान्हा हातात घेता येत नाई. तिसरा कामाचा. तो आपण मागत नाई, तिकडचा शेठ तिकडच्या सरकारले मागते. मले हा माणूस पाह्यजे, माझ्याकडं असं काम हाय, इथं तसं करणारं कोणी नाई, असं त्यानं दाखवाव लागते. मंजूर झालं तं परवाना निघते."

"अन् व्हिसा?" जुबैदाने विचारलं.

"व्हिसा म्हणजे फाटक उघडलं, अम्मी. आत जाऊन काम कराले परवाना वेगळा लागते. फुलचंदभाऊ फाटकाचं सांगतात, आतलं सांगत नाईत."

जुबैदाने तव्यावरची भाकरी उलटली. तिच्या बहिणीचा नवरा नौशाद आखातात गेला होता, तो असाच भेटीच्या व्हिसावर. तीन महिन्यांची मुदत संपली आणि पुढे आठ महिने तो एका खोलीत लपून राहिला. दिवसा बाहेर पडायचा नाही. शेवटी पकडून परत पाठवला. आता दिग्रसमध्ये त्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि दारावर पोलिसाची गाडी थांबली की तो अजून उठून उभा राहायचा.

"नौशादभाईसारखं नको," जुबैदा एवढंच म्हणाली.

"तिसराच पाह्यजे," गझाला म्हणाली. "त्याले चार कागद लागतात. पासपोर्ट हाय. पोलिसांचा दाखला निघन. डॉक्टरची तपासणी. अन् हे काम येते याचा पुरावा."

गनीने ताटातली भाकरी मोडली. बराच वेळ तो तुकडा हातातच राहिला.

"चौथी शिकलो मी. पुरावा कुठून आणू?" तो म्हणाला. "मशिनीले विचारा म्हणा."

दुसऱ्या दिवशी गझाला बाबुलालकडे गेली. बंद झालेल्या जिनचा तो मुनीम. आता सत्तरीला आला होता, डोळ्याला मोतीबिंदू. गनीचं नाव काढताच त्याने तिला आत बोलावून पाणी दिलं.

"अनुभवाचा दाखला पाह्यजे होता, काका. एकतीस वर्षांचा."

बाबुलालने चष्मा काढून पुसला. पुन्हा डोळ्याला लावला नाही.

"देतो. मालकाची सही बी आणून देतो. पण बेटा, हजेरीपटावर जे हाय तेच लिहिता येते."

"काय हाय?"

"हंगामी मजूर."

गझालाला वाटलं तिच्या ऐकण्यात काही चूक झाली.

"मिस्त्री लिव्हलं असतं तं कायम कराव लागलं असतं," बाबुलाल म्हणाला. "म्हणून दरसाल मजूर. दिवाळीले नाव चढवाचं, होळीनंतर काढाचं. लिहीत मीच होतो." मग म्हणाला, "आजूबाजूच्या चार गावच्या जिना त्याले बोलवाले गाडी पाठवत होत्या. पांढरकवड्याहून एकदा मालक सोता आलता. हे सगळं मी तोंडानं सांगीन. कागदावर मजूर."

मजुराला कोणता देश परवाना देणार होता? ते काम करणारे तिथेही होतेच की. गझाला उठली. दारापर्यंत आलेला बाबुलाल म्हणाला, "तो काय करत होता हे लिहाचं असन तं रुपीबाईले जाऊन विचार. ती अठरा वर्षं त्याच्या मशिनीसमोर उभी होती. आम्ही तं आपले गादीवर बसून राहत होतो."

रुपीबाईचा बंजारा तांडा दिग्रसपासून सहा किलोमीटरवर होता. काळीपिवळी जीपमधून उतरून गझाला उन्हातून चालत गेली. पन्नाशीतली ती बाई अंगणात लिंबाखाली गहू चाळत होती. गनी मिस्त्रीची पोरगी म्हटल्यावर तिने चाळण खाली ठेवली.

"आव छोरी, बेस," ती आपल्या बोलीत म्हणाली आणि मग मराठीत वळली. "कसा हाय गनीभाऊ?"

गझालाने वही उघडली. तिने काही विचारायच्या आतच रुपीबाईने सांगायला सुरुवात केली. मशीनमध्ये कापूस घालायचं काम बायांचं. एकेका मशीनवर एक बाई, अशी ओळ. चामड्याचा रोलर रुई ओढून घेतो, सुरी सरकी झाडून पाडते. रोलर झिजला, सुरी तिळभर सरकली, की सरकी तुटते आणि रुईत चुरा होतो. दुसरे मिस्त्री मशीन बंद करून खोलायचे, मग शोधत बसायचे. गनीभाऊ चालत्या मशीनवर तळवा ठेवायचा. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग म्हणायचा, डाव्या अंगाची सुरी पाहा.

"एक डाव माझा पदर गेला रोलरात," रुपीबाई म्हणाली. "हात बी चालला होता मांगं मांगं. मी वरडली. पण त्या आवाजात कोणाले ऐकू येते? गनीभाऊ पार तिकडच्या टोकाले, माझ्याकडं पाठ. त्याचा हात खांबावर होता. तिथूनच धावला अन् पट्टा उतरवून मशीन थांबवली. हे पाह्य."

तिने हात पुढे केला. मनगटावर पांढरट वण होता. पाचही बोटं शाबूत होती.

"सारे म्हणे, मिस्त्रीचे कान लय तिखट. मी त्याले इचारलं, भाऊ, तुमाले माझं वरडणं ऐकू आलं? तो म्हणे, ऐकू नाई आलं, मशीन अडखळली ते समजलं." रुपीबाई जरा पुढे सरकली. "मंग मले शंका आली. दुसऱ्या दिवशी जिन बंद असताना मी त्याच्या मांगं उभी राह्यली अन् हाक मारली. चार डाव मारली."

गझालाचं पेन थांबलं.

"त्याले काही ऐकू येत नाई, पोरी. बारा वर्षं झाली त्या गोष्टीले. तो ओठ पाहून समजते. मले म्हणे, रुपीबाई, सांगजो नको, हे लोक मले काढून टाकतीन. मी नाई सांगितलं. आज सांगते, कारण तू त्याचा कागद करून राह्यली. कागदात खोटं नको जाऊ देऊ."

परतीच्या गाडीत गझाला खिडकीशी बसली. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की अब्बांना थोडं कमी ऐकू येतं. जिनमध्ये काम करणाऱ्या कोणाला येत नव्हतं? जोरात बोललं की झालं. पण आता एकेक गोष्ट आपोआप समोर येऊ लागली. भारनियमनात वीज गेली की अब्बा म्हणायचे, दिवा पोरीजवळ ठेव. तिला वाटायचं, अभ्यासासाठी. दिवा विझला की ते बोलायचे थांबायचे. तिला वाटायचं, दमले असतील.

ती घरी आली तेव्हा गनी अंगणात कोणाच्या तरी कूलरचा पंप उघडून बसला होता. दाराकडे पाठ. गझाला चार पावलांवर उभी राहिली.

"अब्बा."

तो स्क्रू काढत राहिला.

"अब्बा. मी नापास झाली."

"तू कवा नापास झाली?" आतून जुबैदा बाहेर आली. गझालाचा चेहरा पाहून ती उंबऱ्यातच थांबली. मग तिने हळूच तिला आत घेतलं.

"तुले माहीत होतं, अम्मी?"

"नवऱ्याचं माहीत नाई राहीन?" जुबैदाने पदराने तोंड पुसलं. "हळूहळू गेले कान. तू शाळेत जाऊ लागली तवापासून पुरतेच गेले. आम्ही कधी अंधारात भांडलो नाई. भांडाचं असलं तं मी दिवा लावत होती."

गझाला हसली आणि लगेच तिला रडू आलं. डोळे पुसून ती अंगणात गेली आणि बापाच्या समोर, उजेडात बसली.

"रुपीमौसीकडं गेलती."

गनीने फडक्याला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"सांगितलं तिनं?"

"हो."

"बरं झालं." फडकं बाजूला ठेवून तो म्हणाला, "टुरिस्टवर गेलो असतो तं डॉक्टर लागला नसता."

त्या दिवशी फुलचंदच्या दुकानात तो सही करायला एवढा उतावीळ का होता, ते गझालाला आत्ता कळलं. तिने आठ दिवस बसून बरोबर वाट शोधून काढली होती आणि त्याच वाटेवर बापाचे कान तपासणारा माणूस बसला होता. फसवा रस्ता त्याला सोपा पडणार होता.

"मंग तसंच करू काय, अब्बा? फुलचंदभाऊकडं जाऊ?"

गनीने पंपातला पंखा काढून उन्हात धरला. त्याची पाती नीट पाहिली.

"नाई. शेठले लिही. जे हाय ते सगळं लिही. तिथं जाऊन त्याले समजण्यापेक्षा इथं समजलेलं चांगलं. मशिनीजवळ बायांचे हात राहतात. मिस्त्रीनं लपवून चालत नाई."

"पण इतके वर्षं..."

"इथं सारे मले जाणत होते. कोणती बाई कुठं उभी हाय, कोण कवा दमते, मले पाठ होतं. तिथं नवीन आहो मी."

गझालाने त्याच संध्याकाळी ई-मेल केला. हिंदीच, पण इंग्रजी अक्षरांत. मजुराचा हजेरीपट, तळवा ठेवून मशीन ओळखणं, रुपीबाईचा हात आणि शेवटी कान. काहीही गाळलं नाही. चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी फोन वाजला.

"बेटी, बुरा मत मानना," म्वांझाचे शेठ म्हणाले. "मिस्त्री तो कान से काम करता है. बहरा आदमी लेकर मैं क्या करूँ?"

गझालाने मोबाईलवर हात ठेवला आणि बापाकडे वळून तेच शब्द ओठांनी सांगितले. पहिल्यांदाच, मुद्दाम, सावकाश. गनी एक क्षण तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्याले म्हण, सरकी पाठवा. मशीन चालवा अन् तिची सरकी पाठवा."

मे महिन्याच्या शेवटी मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस म्वांझाहून नागपुरात परतला. मागच्या हंगामातला उरलेला कापूस घालून शेठनी तीन मशिनी चालवल्या होत्या. तीन पिशव्या, वर एक, दोन, तीन असे आकडे, बाकी काही नाही. गझाला नागपूरला जाऊन त्या घेऊन आली.

गनीने अंगणात जुनी वर्तमानपत्रं पसरली आणि तीन ढीग केले. दुपारचं ऊन होतं, पण तो सावलीत यायला तयार नव्हता. सरकीवरचे बारीक केस त्याला उन्हातच दिसायचे. एकेक मूठ उचलायचा, तळव्यावर पसरायचा, बोटाने फिरवायचा. काही दाणे दाताखाली धरून पाहिले. असा तास गेला. जुबैदा दोनदा चहा घेऊन आली, दोन्ही वेळा चहा गार झाला.

"लिही," तो म्हणाला. "एक नंबर. सरकीवर केस लांब राह्यले. रोलर गुळगुळीत झाले, त्याच्या खाचा पुन्हा काढाव्या लागतीन. मशीन चांगली हाय."

गझाला लिहू लागली.

"दोन नंबर. यातली अर्धी सरकी साफ हाय, अर्धी केसाळ. अन् केसाळ हाय त्यातलीच तुटलेली बी हाय. म्हणजे रोलर एका टोकाले दाबते, दुसऱ्या टोकाले सोडते. त्या टोकाचं बेअरिंग गेलं असन. खोलून पाहा म्हणा. तशीच चालवली तं पंधरा दिवसांत सुरी मोडन, अन् ती मोडली तं बाईच्या अंगावर येते."

"तीन?"

गनीने तिसऱ्या ढिगातली मूठ पुन्हा नाकाशी नेली. पहिल्यांदाच हसला.

"तीन नंबरची मशीन एकदम ठीक. कापूस ओला घातला. हा दोष मशीनचा नाई, शेठच्या घाईचा हाय."

"असं लिहू?"

"असंच लिही."

तिने असंच लिहिलं. दोन दिवसांनी कॅफेत तिने मेल उघडला तेव्हा त्यात एक फोटो होता. काळ्या तेलाने माखलेल्या कोणाच्या तरी तळव्यावर बेअरिंगचे तुकडे. खाली शेठनी लिहिलं होतं, दोन नंबर. उजव्या टोकाचं. आणि त्याखाली, तीन नंबरचंही खरं आहे, कापूस भिजलेला होता, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यापुढचा सगळा व्यवहार गझालाने केला. शेठनी स्वतःच्या सहीशिक्क्याने लिहून दिलं की या माणसाची त्यांनी परीक्षा घेतली आहे. सरकीचा निकाल आणि फोटो त्याला जोडले. यवतमाळच्या डॉक्टरने डोळे, छाती, रक्त तपासलं, कानात दिवा घालून पाहिलं आणि गनीच्या समोरच लिहिलं, दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, अन्यथा प्रकृती उत्तम. बाबुलालने बोलावणं नसताना घरी येऊन एक पत्र दिलं. त्यावर जिनचा शिक्का नव्हता. आपल्या कापऱ्या अक्षरात त्याने लिहिलं होतं की हजेरीपटावर जे लिहिलं गेलं ते चूक होतं आणि ती चूक लिहिणाऱ्याची होती. गझालाने ते इंग्रजीत करून फाइलला लावलं.

जुलै आला. तिकडचा हंगाम सुरू झाला. शेठनी दुसरा मिस्त्री घेतला असता तर त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं. पण ते थांबले. बावीस जुलैला परवाना मंजूर झाल्याचं पत्र आलं.

गझाला ते छापून घेऊन पळत घरी आली. कंदिलाची काच पुसणाऱ्या बापासमोर उभी राहून तिने ते मराठी करत वाचलं. नाव, अब्दुल गनी. मुदत, दोन वर्षं. पद, जिनिंग यंत्रतज्ज्ञ.

"मजूर नाई लिव्हलं?"

"नाई अब्बा."

गनी उठला, माठातलं पाणी प्याला, पुन्हा येऊन बसला. "पुढं वाच," म्हणाला.

पुढे राहण्याची सोय, तिकीट आणि वर्षाकाठची सुट्टी होती. दोन स्थानिक माणसांना काम शिकवायची अट होती. ती ऐकून गनीने मान डोलावली, जशी काही ती त्याचीच अट होती. शेवटची ओळ गझालाने घाईत वाचली, पत्नीला सोबत आणता येईल, तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा.

"ते पुन्हा वाच," चुलीजवळून जुबैदा म्हणाली.

गझालाने वाचलं.

"तो अर्ज बी हाय काय तुझ्या त्या संगणकात?"

"हाय ना. पण कायले?"

"माझा भर."

गझाला आईकडे पाहतच राहिली. जुबैदाने आयुष्यात नागपूर एकदा पाहिलं होतं, तेही नणंदेच्या बाळंतपणासाठी. बसमध्ये तिला उलट्या व्हायच्या.

"अम्मी, ते समुद्रापलीकडं हाय."

"माहीत हाय मले. तिथली माणसं काय बोलतात?"

"स्वाहिली म्हणतात त्याले."

"मंग त्यांच्या ओठांवरचं याले काय समजन?" जुबैदा म्हणाली. "मशीन समजन. माणसं नाई समजणार. बारा मशिनी अन् एक बी तोंड वळखीचं नाई. दोन वर्षं मुका राहीन हा. माझे ओठ समजतात त्याले."

गनी दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. "पोरगी एकटी राहीन?" तो म्हणाला.

"मी खालाकडं राहते, अम्मीची बहीण गावातच हाय ना," गझाला म्हणाली. आपण किती पटकन उत्तर दिलं हे तिचं तिलाच जाणवलं. तिने वही घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि अर्जात काय काय विचारतात ते आठवून एकेक लिहू लागली. नाव. जुबैदा म्हणाली, जुबैदाबी लिवजो, नुसतं जुबैदा नको. जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती, ती शाळेच्या दाखल्यावरून काढायची ठरली, पासपोर्टही नव्याने काढावा लागणार होता. मग गझालाला एक गोष्ट आठवली.

"अम्मी, एक सांगते, नीट ऐक. या व्हिसावर तुले तिथं काम करता येत नाई. कोणतंच. पकडलं तं परत पाठवतात."

जुबैदा चुलीकडे वळली होती. तव्यावर भाकरी फुगत होती.

"त्याच्यासंग बोलणं काही काम नोहे," ती म्हणाली.

गनीला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"काय म्हणे?" त्याने गझालाला विचारलं.

गझाला त्याच्याकडे वळली. सांगायला तिने तोंड उघडलं आणि मग वही मिटून ठेवली.

"तिलेच इचारा," ती म्हणाली आणि उठून बाहेर गेली.